‘ही सेड मी’, ‘ही टोल्ड दॅट’: ‘से’ आणि ‘टेल’मधली पुन्हा पुन्हा होणारी चूक कशी घालवायची

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते. “‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टेल’ म्हणजे सांगणे, हे पाठ आहे हो. तरी ऐन वेळी चुकतंच.” इंग्रजी नीट करून घ्यायला माझ्याकडे जे येतात त्यांत बँकेत नुकती लागलेली मुलं असतात, परदेशी नोकरीच्या तयारीतल्या नर्स असतात, कारखान्यात हयात घालवलेले सुपरवायझर असतात. पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी असते आणि २००० सालानंतर पहिलीपासूनच इंग्रजी शिकलेली पिढीही असते. बाकीच्या चुका ज्याच्या त्याच्या वेगळ्या. ही एक सगळ्यांची सारखी. म्हणजे इंग्रजी किती लवकर सुरू केलं याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. तिचं मूळ आपल्या मराठीत आहे, आणि ते एकदा नीट दिसलं की सुधारायला सोपं जातं.

आधी चूक कोणकोणत्या रूपांत येते ते पाहू. (खालच्या इंग्रजी वाक्यांतला ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’, हे ध्यानात ठेवा.)

“माय मॅनेजर सेड मी टू वेट.”
“शी टोल्ड दॅट द मीटिंग इज कॅन्सल्ड.”
“आय टोल्ड टू हिम यस्टरडे.”
“सर टोल्ड मी दॅट कम टुमॉरो.”

चारही वाक्यं चुकीची आहेत आणि चारही वाक्यांचा अर्थ समोरच्याला कळतो. म्हणूनच ती टिकून राहतात. ऐकणारा अडत नाही, त्यामुळे कुणी सुधारत नाही. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग बरोबर असल्यामुळे साधा स्पेलचेकही गप्प बसतो. वर्षानुवर्षं तेच वाक्य तोंडात बसतं, आणि मग एखाद्या मुलाखतीत किंवा परीक्षेत गुण कापले गेले की पहिल्यांदा कळतं, इथे काहीतरी गडबड आहे.

मूळ कुठे आहे

‘से म्हणजे म्हणणे, टेल म्हणजे सांगणे’ ही जोडीच आधी डोक्यातून काढा. चूक विस्मरणामुळे होत नाही. ती या जोडीमुळेच होते.

मराठीत ‘तो मला म्हणाला’ चालतं आणि ‘त्याने मला सांगितलं’ हेही चालतं. दोन्हीकडे ‘मला’ बिनदिक्कत येतं. तसंच ‘तो म्हणाला’ चालतं आणि ‘त्याने सांगितलं’ही चालतं, दोन्हीकडे ऐकणारा गाळला तरी वाक्य पुरं वाटतं. थोडक्यात, ऐकणाऱ्याचा उल्लेख आहे की नाही यावरून मराठी आपलं क्रियापद निवडत नाही. इंग्रजीत मात्र ‘से’ की ‘टेल’ हे ठरवताना सगळ्यात आधी तेच पाहावं लागतं.

आता दोन अगदी रोजची वाक्यं घ्या. ‘येत्या दोन दिवसांत पाऊस वाढेल, असे हवामान खात्याने सांगितले.’ यात ‘सांगितले’ आहे, पण कुणाला सांगितलं ते नाही. इंग्रजीत इथे ‘सेड’ येणार. दुसरं वाक्य: ‘आई मला म्हणाली, घरी लवकर ये.’ यात ‘म्हणाली’ आहे, पण ‘मला’ही आहे. इंग्रजीत इथे ‘टोल्ड’ येणार: “माय मदर टोल्ड मी टू कम होम अर्ली.” पाठ केलेली जोडी दोन्ही वाक्यांत नेमकी उलटी पडली. ज्याने ती इमाने इतबारे पाठ केली, त्याची दोन्ही वाक्यं चुकतील.

मुख्य उपाय: क्रियापदाच्या पुढचा शब्द पाहा

‘टेल’ किंवा ‘टोल्ड’ लिहिलंत की लगेच पुढे माणूस हवा: हिम, हर, अस, द कस्टमर, माय सिस्टर, एव्हरीवन. ‘से’ किंवा ‘सेड’च्या लगेच पुढे असा माणूस येत नाही. ‘से’बरोबर माणूस आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो. ‘टेल’ला तो ‘टू’ अजिबात चालत नाही.

या कसोटीवर वरची वाक्यं लावून बघा. “सेड मी”: ‘सेड’च्या पुढे थेट माणूस आला, म्हणून क्रियापद बदला: “माय मॅनेजर टोल्ड मी टू वेट.” “टोल्ड दॅट”: ‘टोल्ड’च्या पुढे माणूसच नाही. इथे दोन वाटा आहेत. एकतर माणूस घाला, “शी टोल्ड अस दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड”, नाहीतर क्रियापद बदला, “शी सेड दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड.” दोन्ही बरोबर. कुणाला सांगितलं हे महत्त्वाचं असेल तर पहिलं, नसेल तर दुसरं.

“टोल्ड टू हिम” ही चूक थोडी वेगळ्या वाटेने येते. शाळेत आपण ‘ला’ म्हणजे ‘टू’ असं शिकतो आणि ‘त्याला’चं ‘टू हिम’ करून टाकतो. ‘गेव्ह हिम’, ‘शोड हिम’ म्हणताना हीच माणसं ‘टू’ घालत नाहीत, कारण ती वाक्यं कानावरून आलेली असतात. ‘टोल्ड हिम’ त्याच रांगेतलं आहे. ‘टोल्ड टू’ बरोबर ठरतं ते बहुतेक कर्मणी रचनेत, जिथे सांगितलेली गोष्ट आधी येते: “द स्टोरी टोल्ड टू मी बाय माय ग्रँडमदर.” रोजच्या वापरात असं वाक्य क्वचितच लागतं.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी यातलं एक रूप मुद्दाम तपासावं. समोरचा विचारतो, “टेल मी अबाउट युअरसेल्फ.” त्यात ‘मी’ आहे. उत्तर देणारा सुरुवात करतो, “आय विल टेल अबाउट माय फॅमिली फर्स्ट.” ‘टेल’च्या पुढचा माणूस गळाला. “आय विल टेल यू अबाउट माय फॅमिली” हवं. बहुतेकांच्या मुलाखतीचं हे पहिलं वाक्य असतं, म्हणून ते निर्दोष असायला हवं.

मग “सेड टू मी” कधी वापरायचं? समोरच्याचे नेमके शब्द अवतरणात देताना: “ही सेड टू मी, ‘डोन्ट वरी.’” आणि ‘काय शब्द वापरले’ हा मुद्दा असेल तेव्हा. इथे मराठी आणि इंग्रजी छान जुळतात. ‘तो तुला काय म्हणाला?’ या प्रश्नात काळजी असते, तो काही लागेल असं बोलला का, अशी, इंग्रजीत “व्हॉट डिड ही से टू यू?” ‘त्याने तुला काय सांगितलं?’ या प्रश्नात माहिती हवी असते, “व्हॉट डिड ही टेल यू?” एवढ्या एका ठिकाणी शाळेतली जोडी खरी ठरते. एरवी ‘सेड टू मी’ व्याकरणात बसलं तरी नुसती माहिती कळवताना जड वाटतं. ‘टोल्ड मी’ सुटसुटीत.

माणूस नसतानाही ‘टेल’ कुठे चालतं

ही यादी लहान आहे आणि ती पाठच करावी. टेल द ट्रुथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द टाइम, टेल द डिफरन्स. इथे मराठी मदतीला येत नाही, कारण आपण खरं ‘बोलतो’, खोटं ‘बोलतो’, गोष्ट ‘सांगतो’ आणि फरक ‘ओळखतो’. “डोन्ट स्पीक लाइज” हे वाक्य मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या तोंडी हमखास असतं. “डोन्ट टेल लाइज” म्हणायची सवय लावा.

‘टेल’चा जुन्या इंग्रजीतला एक मूळ अर्थ ‘मोजणे’ असा होता. बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला इंग्रजीत ‘टेलर’ म्हणतात तो त्यामुळेच, आणि एटीएममधला मधला ‘टी’ हा तोच टेलर. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे मिळून, ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे मोजदाद नसलेली संपत्ती. गोष्टीला ‘टेल’च लागतं हे यावरून जरा पटतं: गोष्ट एकेक प्रसंग क्रमाने मांडत जाते. मात्र हा धागा फार ताणू नका. ‘टेल अ लाय’ त्यात बसवत बसण्यापेक्षा पाठ केलेलं बरं.

‘टेल’चा आणखी एक वापर म्हणजे ओळखणे, कळणे: “आय कान्ट टेल विच बॅग इज माइन.” आपल्याकडे लोक इथे ‘अंडरस्टँड’ किंवा ‘आयडेंटिफाय’ वापरतात. तेही चालून जातं, पण ‘टेल’ इतकं सहज काहीच नाही.

‘से’ची मक्तेदारी असलेले शब्दही असेच: येस, नो, सॉरी, थँक यू, हॅलो, गुडबाय. आणि लिहिलेल्या वस्तू. पाटी, पत्र, औषधाचं लेबल, घड्याळ ही सगळी इंग्रजीत ‘से’ करतात: “द लेबल सेझ टू टॅब्लेट्स अ डे.” मराठीत ‘लेबलवर लिहिलंय’ म्हणतो, म्हणून आपण “ऑन द लेबल इट इज रिटन दॅट” असं लांबण लावतो. चूक नाही, पण इंग्रजीच्या सवयीचं नाही. ‘सेझ’चा उच्चार आखूड करायचा, ‘सेड’सारखाच, ‘सेऽज’ नव्हे.

‘की’मुळे होणारा घोळ

हा भाग नीट वाचा, कारण यातून होणारी चूक नुसती व्याकरणाची राहत नाही, कामाचा खोळंबा करते.

मराठीत ‘की’ नंतर किंवा ‘असं’च्या आधी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. ‘सरांनी सांगितलं की उद्या या.’ ‘येऊ नको असं ती म्हणाली.’ इंग्रजीत ‘दॅट’ला हे जमत नाही. ‘दॅट’च्या पुढे आज्ञा ठेवता येत नाही, म्हणून “टोल्ड मी दॅट कम टुमॉरो” तुटतं. आज्ञा असेल तर ‘दॅट’ काढा आणि ‘टू’ घाला: “सर टोल्ड मी टू कम द नेक्स्ट डे.” नकार असेल तर ‘नॉट टू’: “शी टोल्ड मी नॉट टू कम.” “टोल्ड मी टू डोन्ट कम” हे फार ऐकू येतं. तिथे ‘डोन्ट’ हे मूळ बोलण्यातलं उरलेलं असतं. ते काढून ‘नॉट’ ठेवायचं, आणि तेही ‘टू’च्या आधी.

याहून त्रासदायक म्हणजे ‘मी’चा प्रश्न. मराठीत ‘पाटील म्हणाले की मी शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो’ हे वाक्य कुणालाही समजतं. यातला ‘मी’ म्हणजे पाटील. आता हेच मेलमध्ये जातं: “मिस्टर पाटील सेड दॅट आय विल सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे.” इंग्रजी वाचणाऱ्याला यातला ‘आय’ मेल लिहिणारा वाटतो. शुक्रवारी त्याचा फोन येतो तो तुम्हाला, पाटलांना नाही. तुम्ही म्हणता, मी तर स्पष्ट लिहिलं होतं. तो म्हणतो, तुम्हीच लिहिलंत की मी देतो म्हणून. दोघंही आपापल्या भाषेपुरते बरोबर असतात आणि रिपोर्ट मात्र कुणाकडेच नसतो. योग्य वाक्य: “मिस्टर पाटील सेड ही वुड सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे.” ‘आय’चा ‘ही’ झाला, ‘विल’चा ‘वुड’ झाला. यातला ‘वुड’ राहून गेला तर फारसं बिघडत नाही. ‘ही’ राहून गेला तर बिघडतं. घाईत एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर सर्वनाम तपासा.

दवाखान्यातही तेच. रुग्ण म्हणतो, ‘मला रात्रभर झोप नाही.’ पाळी बदलताना नर्स सांगते, “पेशंट टोल्ड दॅट आय डिडन्ट स्लीप.” नीट रूप: “द पेशंट सेझ ही डिडन्ट स्लीप लास्ट नाइट.” इथे ‘टोल्ड’ऐवजी ‘सेझ’ अधिक योग्य आहे, कारण रुग्णाची तक्रार नोंदवायची आहे, त्याने ती कुणाला सांगितली याला महत्त्व नाही. उलट “द डॉक्टर टोल्ड मी टू स्टॉप द सलाइन” यात कुणाला सांगितलं हे अतिशय महत्त्वाचं आहे, म्हणून तिथे ‘टोल्ड मी’. ज्या मुली परदेशी जायच्या तयारीत आहेत त्यांनी ही दोन वाक्यं तोंडपाठ करून ठेवावीत. पाळी बदलताना द्यायच्या माहितीतली कितीतरी वाक्यं या दोन साच्यांत बसतात.

जिथे ‘से’ही नको आणि ‘टेल’ही नको

एवढं जमल्यावरही काही वाक्यं अडतात. तिथे पुढचा शब्द पाहून उपयोग होत नाही, कारण आपले ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ हे ‘से’ आणि ‘टेल’पेक्षा कितीतरी ऐसपैस आहेत. तिसरंच क्रियापद लागतं.

‘दोन चहा सांग.’ इथे ‘सांग’ म्हणजे ‘ऑर्डर’. ‘एक गाणं म्हण ना’ म्हणजे ‘सिंग’. पाढे किंवा कविता म्हणायची तर ‘रिसाइट’. प्रार्थनेला मात्र ‘से’ चालतं, “से युअर प्रेअर्स”, आरतीला ‘सिंग’. जमिनीवर हक्क सांगितला तर ‘क्लेम’. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तर ‘ॲडव्हाइझ’. ‘सगळे त्याला दादा म्हणतात’ याचं “एव्हरीवन सेझ हिम दादा” होताना मी फार वेळा ऐकलंय. इथे ‘कॉल्स’ हवं. ‘याला मराठीत काय म्हणतात?’ यातही ‘कॉल’: “व्हॉट डू यू कॉल धिस इन मराठी?” नाव देण्याचा प्रश्न आला की ‘कॉल’, हे लक्षात ठेवलं की पुरे.

‘मी म्हटलं’ हे सगळ्यात फसवं. ‘मी म्हटलं तू येणार नाहीस.’ हे वाक्य आपण कुणाला ऐकवलेलं नसतं, मनातल्या मनात म्हटलेलं असतं. इंग्रजीत “आय सेड यू वुडन्ट कम” म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कधी म्हणालास? “आय थॉट यू वुडन्ट कम” हे त्याचं खरं इंग्रजी. ‘म्हटलं, बघून यावं जरा’ यातही ‘थॉट’च.

आणि आता सगळ्यात नाजूक ठिकाण. ‘मी सरांना रजा मंजूर करायला सांगितली.’ मराठीत यात काहीही उद्धट नाही. ‘सरांना’ आहे, बोलताना आपण ‘सर, तेवढी सही करता का?’ असंच विचारलेलं असतं, आणि नंतर ते सांगताना ‘सांगितलं’ म्हणतो. पण “आय टोल्ड सर टू अप्रूव्ह माय लीव्ह” याचा इंग्रजी कानाला होणारा अर्थ असा: मी सरांना हुकूम दिला. ‘टेल’ नंतर माणूस आणि मग ‘टू’ आला की ती सूचना होते, वरून खाली दिलेली. ‘टेल’ नंतर माणूस आणि मग ‘दॅट’ आला की ती नुसती माहिती होते आणि ती कुणालाही देता येते. म्हणून “आय टोल्ड सर दॅट आय वॉज अनवेल” पूर्णपणे सभ्य आहे, आणि “आय टोल्ड सर टू अप्रूव्ह इट” नाही. वरिष्ठ, ग्राहक, डॉक्टर, शेजारी, ज्यांना आपण विनंती करतो त्या सगळ्यांसाठी ‘आस्क’ वापरा: “आय आस्क्ड सर टू अप्रूव्ह माय लीव्ह.” ‘आस्क’ म्हणजे फक्त ‘विचारणे’ असं शिकवल्यामुळे विनंतीच्या अर्थाने तो कुणाला सुचतच नाही. एखादं मशीन ‘सेड मी’ पकडेल. हे पकडेलच असं नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. माझ्या मते ‘सेड मी’पेक्षा ही चूक आधी सुधारावी. ‘सेड मी’ ऐकून लोक तुमचं इंग्रजी कच्चं समजतील, पण ‘टोल्ड सर टू’ ऐकून तुम्हालाच उर्मट समजतील.

रजेच्या मेलचं एक उदाहरण घेऊ. मूळ मजकूर असा: “यस्टरडे आय सेड यू दॅट माय फादर इज अ‍ॅडमिटेड. डॉक्टर टोल्ड दॅट ऑपरेशन इज नेसेसरी. आय टोल्ड माय कलीग टू हँडल द काउंटर अँड ही सेड मी ओके. प्लीज टेल टू एचआर.” सुधारून: “अ‍ॅज आय टोल्ड यू यस्टरडे, माय फादर इज इन हॉस्पिटल. द डॉक्टर सेझ ही नीड्स अ‍ॅन ऑपरेशन. आय हॅव आस्क्ड माय कलीग टू हँडल द काउंटर, अँड ही हॅज अ‍ॅग्रीड. कुड यू प्लीज लेट एचआर नो?” पहिल्या वाक्यात ऐकणारा आहे, म्हणून ‘टोल्ड यू’. दुसऱ्यात नाही, म्हणून ‘सेझ’. तिसऱ्यात सहकाऱ्याला विनंती आहे, म्हणून ‘आस्क्ड’, आणि ‘ओके म्हणाला’ याला ‘अ‍ॅग्रीड’ हे नेटकं क्रियापद आहे. शेवटी साहेबांना ‘टेल’ करायला लावण्यापेक्षा ‘लेट एचआर नो’ हे मऊ.

‘म्हणे’ आणि ‘सांगण्यात आले’

कर्मणी रचनेत नियम तोच चालतो. ‘मला सांगण्यात आलं की’ यात ऐकणारा आहे: “आय वॉज टोल्ड दॅट.” “आय वॉज सेड” असं काही नसतं. ‘असं म्हणतात की’ यात ऐकणारा नाही: “इट इज सेड दॅट”, किंवा बोलताना “दे से”. सरकारी पत्रांच्या वळणाने “इट वॉज टोल्ड दॅट” लिहिलं जातं, तिथे ‘वी वर टोल्ड’ करून टाका.

आपलं लाडकं ‘म्हणे’ इंग्रजीत ‘इज सेड टू’ या रूपात येतं. ‘तो फार श्रीमंत आहे म्हणे’: “ही इज सेड टू बी व्हेरी रिच.” इथे चुकून ‘टोल्ड’ गेलं तर अर्थ पालटतो. “ही वॉज टोल्ड टू बी क्वाएट” म्हणजे त्याला गप्प बसायला सांगितलं. बोलण्यात ‘म्हणे’साठी ‘अ‍ॅपरंटली’ जास्त सोयीचं.

शाळेतल्या मुलांसाठी एक छोटी सूचना. डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना ‘सेड टू’ दिसलं की डोळे मिटून ‘टोल्ड’ लिहू नका. अवतरणात साधं विधान असेल तर ‘टोल्ड’, प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’, विनंती असेल तर ‘रिक्वेस्टेड’ किंवा ‘आस्क्ड’, आज्ञा असेल तर ‘टोल्ड’ किंवा ‘ऑर्डर्ड’. आणि मूळ वाक्यात नुसतं ‘सेड’ असेल, पुढे माणूस नसेल, तर विधानाला ‘सेड’ तसंच ठेवा.

आपली चूक आपणच शोधायची पद्धत

पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये ‘टोल्ड’ शोधा. एकेका मेलमध्ये फक्त त्याच्या पुढचा शब्द पाहा, बाकी मजकूर वाचू नका. तिथे ‘दॅट’, ‘टू’ किंवा ‘अबाउट’ दिसला तर दुरुस्ती हवी. ‘वॉज टोल्ड’, ‘वर टोल्ड’ असेल तर सोडून द्या; तिथे माणूस आधीच येऊन गेलेला असतो. मग ‘सेड’ शोधा आणि त्याच्या पुढे थेट माणूस आहे का ते पाहा. तुम्ही चारांपैकी कोणती चूक करता ते यातून लगेच कळतं. बहुतेकांची एखादीच मुरलेली असते. मग सगळा नियम घोकत बसायची गरज नाही, तेवढ्या एकीवर लक्ष ठेवायचं.

बोलण्यातली चूक घालवायला नियम पुरत नाही, तोंडाला सवय लागते. ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड हिम’, ‘टोल्ड देम’ हे एकेक शब्द असल्यासारखे जोडून म्हणा, मध्ये श्वास न घेता. वर्तमानपत्रातली बातमी घ्या. ‘असे त्यांनी सांगितले’ जिथे जिथे येईल तिथे मोठ्याने ‘ही सेड’ किंवा ‘शी सेड’ म्हणा. ‘असे त्यांनी पत्रकारांना सांगितले’ आलं की ‘टोल्ड रिपोर्टर्स’. रोजच्या पेपरात ही दोन्ही वाक्यं भरपूर सापडतात, सरावाला वेगळं पुस्तक लागत नाही.

एकदा कान तयार झाला की याच दोन घराण्यांतली बाकीची क्रियापदंही सुधारून घ्या. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’ आणि ‘मेन्शन’ ही ‘से’च्या बाजूची. म्हणून “एक्सप्लेन मी” नाही, “एक्सप्लेन इट टू मी”. आणि “सजेस्ट मी अ गुड डॉक्टर” नाही, “सजेस्ट अ गुड डॉक्टर” किंवा “रेकमेंड अ गुड डॉक्टर”. ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘अश्युअर’ आणि ‘कन्व्हिन्स’ ही ‘टेल’च्या बाजूची, त्यांना पुढे माणूस हवाच. कचेरीतल्या पत्रांत “ही इन्फॉर्म्ड दॅट” इतकं रुळलंय की ते बरोबरच वाटतं. तिथे “ही इन्फॉर्म्ड अस दॅट” करा, किंवा सरळ “ही सेड दॅट” लिहा. पत्राचा मान त्याने कमी होत नाही.